मजुरीऐवजी मागितलेले दोन दिवस

नॉर्वेला कोण जाऊन आलं असं पेणच्या बाजारात कुणालाही विचारा, लोक माझ्या धाकट्या भावाकडे बोट दाखवतील. चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा सांगेल की तिथे यानं लाकडी घरं बघितली, बिनमसाल्याचा मासा खाल्ला आणि गोऱ्या पोरांना गणपतीचे डोळे काढून दाखवले. सगळं खरं आहे. फक्त त्या प्रवासाचा एकेक दिवस मी भांडून मिळवला होता आणि मी विमानतळाच्या दारापर्यंतसुद्धा गेलो नाही, एवढं कुणी सांगत नाही. ते मीच सांगायला बसलो आहे.

आमचा गणपतीचा कारखाना पेणजवळ जोह्याला आहे आणि दुकान पेणला. मी मूळचा रोह्याकडचा. बाप दुसऱ्याच्या शेतावर राबायचा. सातवीत शाळा सुटली आणि त्याच उन्हाळ्यात पेणच्या एका कारखान्यात माती मळायला लागलो. मग साचे भरले, मग मूर्ती घासल्या. साच्यातून निघालेली कच्ची मूर्ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायची. दिवसभर घासलं की बोटांची कातडी मूर्तीच्या आधी गुळगुळीत होते. बारा वर्षं ते केलं, मग स्वतःची शेड घातली. मूर्ती विकायला सुरत, नाशिक, पुणे मी पालथं घातलं. माझ्याशी भाव करून जिंकलेला व्यापारी मला तरी आठवत नाही.

भावाला मी रोह्याहून आणलं तेव्हा त्याला नीट नाक पुसता येत नव्हतं. पण कोळशाने शेडच्या भिंतीवर त्याने एक बैल काढला होता आणि तो बैल माझ्याकडे बघत होता. मी तेव्हाच ठरवलं. एका म्हाताऱ्या कारागिराचे पाय धरून त्याला आखणी शिकायला बसवलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, सगळं रंगकाम झाल्यावरचं शेवटचं काम. त्यात हात हलला की मूर्ती गेली. मी कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, याच्या हातात पॉलिश पेपर द्यायचा नाही, याला पोती उचलायला लावायचं नाही. आजही त्याचे हात बघा. सोनाराचे वाटतील.

आमच्या कारखान्यात आखणीची खोली वेगळी आहे, पूर्वेच्या खिडकीची. तिथे एक नियम आहे. डोळे काढून झालेल्या मूर्तीसमोर भाव करायचा नाही. जे बोलायचं ते आधी बोलायचं, बाहेर, कच्च्या मालाजवळ. हा नियम मी केला आणि भक्तीपोटी केला नाही. डोळे उघडलेली मूर्ती बघून गिऱ्हाईक हळवं होतं हे खरं, पण विकणाराही होतो. एकदा तसा हळवा होऊन मी एक मूर्ती फुकट दिल्यासारखी दिली होती, त्यानंतर नियम केला. पुढे कारागिरांनी तो देवाचा मानला. भावाने तर फारच मानला. त्या खोलीत कुणी पैशाचं नाव काढलं की तो कुंचला खाली ठेवून बसायचा, माणूस बाहेर जाईपर्यंत.

नॉर्वेचा संबंध आला तो पेणच्याच एका मुलीमुळे. तिच्या वडिलांच्या घरचा गणपती वर्षानुवर्षं आमच्याकडून जायचा. आमच्याकडे घरचा पाट कारखान्यात आणून ठेवला की मूर्ती ठरली, पावती लागत नाही. ही मुलगी लग्न होऊन ऑस्लोला गेली आणि एका वर्षी सुटीत येताना तिथल्या पांढऱ्या लाकडाचा पाट बॅगेत घालून घेऊन आली. "काका, आता आमचाही पाट तुमच्याकडे," म्हणाली. तो पाट अजून फळीवर आहे. तिच्यामागून तिथली आणखी घरं आली. दरवर्षी मार्चला मूर्ती खोक्यात भरायच्या, बोटीने पाठवायच्या. पण मागच्या वर्षी दोन मूर्तींची बोटं मोडली, आणि दमटपणाने काही डोळ्यांचा रंग उतरला. उतरलेल्या डोळ्यांचा गणपती बसवायचा कसा? म्हणून यंदा तिने फेब्रुवारीत फोन केला.

तिचं म्हणणं असं. मूर्ती डोळ्यांशिवाय पाठवा. आखणीवाल्या काकांना जूनच्या सुरुवातीला इकडे पाठवा. ते मोडतोड दुरुस्त करतील, डोळे काढतील, मुलांना दाखवतील. नंतर नको, कारण जूनच्या शेवटी तिथल्या शाळांना सुटी लागते आणि सगळे गाव सोडून जातात. ऑगस्टमध्ये तुमचा माणूस मिळणार नाही. तिकीट आणि राहणं आमच्याकडे, वर मजुरी.

फोन आला तेव्हा मी आखणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा होतो. हातात चहा होता म्हणून फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला. भाऊ आत एका मूर्तीचा डावा डोळा काढत होता. उजवा झाला होता.

मी तिला म्हणालो, "पोरी, तो एकटा नाय यायचा."

"का हो काका?"

"त्याला विमानतळावर उभा केलास तर तिथंच उभा राहील. तोंडातून शब्द निघत नाय त्याच्या. खायला मागता येत नाय. हात चालतो, बाकी काय नाय. दोघं येऊ तर काम होईल, नायतर राहू दे."

"दोघांचं तिकीट म्हणजे जरा..."

"मग राहू दे. डोळे काढलेलेच पाठवतो, उतरले तर उतरले."

गिऱ्हाईक गप्प झालं की आपण गप्प राहायचं. मी चहाचा घोट घेतला. ती म्हणाली, "ठीक आहे काका, विचारते मी सगळ्यांना." म्हणजे झालंच होतं. म्हणून मी पुढचं मागितलं. म्हणालो, त्याची मजुरी द्यायची ती द्या, माझी नको. त्याऐवजी मला दोन दिवस उत्तरेला पाठवा, अगदी वरच्या टोकाला. ट्रॉम्सो की काय गाव आहे तिथे.

"तिथे आपली दोनच घरं आहेत काका. ती गणपतीही बसवत नाहीत."

"असू दे. धंद्याचं काम हाय."

ती हसली. "तुम्ही तिथेही मूर्ती विकणार वाटतं." मी तसंच समजू दिलं.

फोन ठेवून आत बघितलं तर भावाने कुंचला खाली ठेवला होता. मूर्तीचा डावा डोळा अर्धाच होता.

"दादा, डोळे काढलेल्या मूर्तीसमोर आपण भाव करत नाय."

"एकच डोळा झालाय," मी म्हणालो. मला तो विनोद वाटला होता.

तो हसला नाही. म्हणाला, "मूर्तीचा केला असतास तर चाललं असतं. तू माझा केलास." आणि पुन्हा कुंचला उचलून कामाला लागला.

मला राग आला. ज्याच्यासाठी मी दोन तिकिटं काढून घेतली, तो मला नियम शिकवत होता, तोही मीच केलेला. मी त्याला चार शब्द सुनावले आणि दुकानात निघून गेलो. आजही मला वाटतं की समोरच्याला आपला माल नाजूक आहे, एकटा पाठवता येणार नाही, असं सांगणं यात गैर काय? रोज सांगतो. पण ते असो.

उत्तरेचे दोन दिवस मी का मागितले ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. मी आयुष्यभर एकच धंदा शिकलो. आपल्याला काय हवं आहे ते समोरच्याच्या लक्षात येऊ द्यायचं नाही. लक्षात आलं की ते महाग होतं. सवय अशी जडली की घरातसुद्धा मला काय खावंसं वाटतं ते मी सांगत नाही, बायको वाढेल ते खातो आणि नावं ठेवतो.

आता सांगतो. सातवीत भूगोलाच्या तासाला गुरुजींनी नॉर्वे शिकवला. म्हणाले, त्या देशाच्या उत्तर टोकाला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. मी हात वर केला. मला खरंच कळत नव्हतं. मी विचारलं, "गुरुजी, मग माणसं कामावरून सुटतात कधी?" माझा बाप दिवस बुडाला की मालकाच्या शेतावरून सुटायचा. मालकाकडे घड्याळ होतं, पण ते बघायचा तो सकाळी. संध्याकाळी सूर्य गेला की सुटी. दिवस बुडालाच नाही तर त्याला सुटी द्यायची कोणी?

सगळा वर्ग हसला. गुरुजींना वाटलं मी त्यांची टिंगल करतो. मी म्हटलं, असा देश असूच शकत नाही. त्यांनी मला अंगणात उन्हात उभं केलं आणि सांगितलं, "नॉर्वेत सूर्य मावळत नाही, असं म्हण आणि आत ये." एप्रिल होता. पायात काही नव्हतं. मधल्या सुटीपर्यंत मी उभा राहिलो. सुटीत पोरं येऊन म्हणत होती, म्हण ना रे, काय जातंय तुझं. मी म्हटलं नाही. दप्तर वर्गातच सोडून घरी आलो आणि परत गेलो नाही. बापाने दोनदा मारलं, मग पेणला कामाला धाडलं.

म्हणून मला वरच्या टोकाला जायचं होतं. दोन दिवस उभं राहून बघायचं होतं, तो मावळतो की नाही, आणि तिथला मजूर कधी सुटतो.

तिकिटाची बोलणी मीच केली. ऑस्लोवाल्यांनी पैसे देणार म्हटलं होतं, पण तिकीट पेणच्याच एजंटाकडून काढायचं ठरलं. त्या एजंटाकडे मी चार वेळा गेलो. तो दुबई आणि चारधाम विकणारा माणूस, त्याला ट्रॉम्सो नकाशावर सापडेना.

"शेठ, तिकडं काय बघायचं हाय? लोक तर स्वित्झर्लंडला जातात."

"तू तिकीट बघ. दोन तासांची मधली थांबायची वेळ हाय ती मला नको."

"ती कमी केली तर दर वाढतो."

"दर तोच. वेळ कमी."

तो म्हणाला, "शेठ, विमान माझ्या सासऱ्याचं नाय." शेवटी दोन्ही झालं. वर त्याच्याकडून गळ्यात अडकवायच्या दोन पिशव्या घेतल्या, पासपोर्ट ठेवायला. एक अजून माझ्या कपाटात आहे, तिच्यावर केदारनाथाचं चित्र आहे.

बायकोने लाडू कधी करायचे, पोह्याचे पापड किती न्यायचे असं सुरू केलं. मी कारखान्यातल्या बोर्डावर लिहून ठेवलं, कुठल्या तारखेला ऑस्लोत सूर्य कधी उगवतो आणि कधी मावळतो. ट्रॉम्सोच्या पुढे दोन्ही रकाने रिकामे होते. भाऊ येता-जाता तो बोर्ड बघायचा. बोलायचा नाही. कामापुरतं बोलायचा. मी म्हटलं, जाईल राग, विमानात बसला की.

एप्रिलमध्ये व्हिसासाठी मुंबईला दोघांना बोलावलं. तिथे दहाही बोटांचे ठसे एका काचेवर द्यायचे असतात. भाऊ आधी बसला. चार बोटं ठेवली, उचलली, झालं. मग मी. काचेवर बोटं ठेवली तर यंत्राने लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने ओला कपडा दिला, मग कोरडा दिला, मग म्हणाली, "जरा दाबून ठेवा." नंतर माझा हात उलटा करून बघितला आणि विचारलं, "काका, तुम्ही काय काम करता? रेषाच नाहीत."

मी म्हणालो, "मालक हाय मी." रांगेतले लोक बघत होते. भाऊ बाजूला खुर्चीत बसून त्याच्या त्या सोनारासारख्या हातात पाण्याची बाटली धरून बघत होता. मला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल. म्हणेल की याची बोटं आमच्या कारखान्यात गेली. एवढं बोलायला काय लागतं? तो बोलला नाही. सात-आठ वेळा दाबल्यावर यंत्राने कसेबसे घेतले ठसे. येताना गाडीत मी म्हटलं, "तुझे बरे एका झटक्यात आले." तो म्हणाला, "तूच ठेवलेस तसे." चांगल्या अर्थाने म्हणाला की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोघांचेही व्हिसा आले. त्या आठवड्यात मी कुणाला न सांगता रोह्याला गेलो. गुरुजी अजून आहेत. नदीच्या बाजूला मुलाच्या घरी राहतात, डोळ्यांना कमी दिसतं, कान मात्र शाबूत. मी कोण ते सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. त्यांना लागेना.

"तुम्ही मला अंगणात उभं केलं होतंत. नॉर्वेवरून."

"बऱ्याच जणांना केलं असेल रे," ते म्हणाले. "तेव्हा करायचो."

ते ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. ज्या एका दुपारी माझं सगळं आयुष्य वळलं, ती यांच्या लेखी बऱ्याच दुपारींपैकी एक. पण मी आवाज चढवला नाही. म्हातारा माणूस, आणि त्यांच्या सुनेने चहा आणला होता.

"गुरुजी, जूनमध्ये जातोय मी तिथं. वरच्या टोकाला. बघून येतो."

त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी कुठे बघितलंय? पुस्तकात होतं ते शिकवलं. पनवेलच्या पुढे मी दोन-तीनदाच गेलो असेन." आणि थोडे पुढे वाकून म्हणाले, "बघून आलास की मला येऊन सांग. खरंच सांग."

न बघितलेल्या गोष्टीसाठी त्यांनी मला उन्हात उभं केलं होतं. परतताना एसटीत मला राग यायला हवा होता, आला नाही. उलट मला घाई झाली होती. मला आयुष्यात कुणी काही बघून यायला सांगितलं नव्हतं. आण, दे, उचल, ने एवढंच सांगितलं होतं.

मेच्या मध्यावर सुरतेच्या व्यापाऱ्याने दोन गाड्यांचा माल पुढे मागितला. दहा जूनच्या आत. दरवर्षी तो जुलैत नेतो. आता कारखान्यात कुणीतरी जबाबदार हवं होतं. माल मोजून भरायला, गाडीवाल्याशी भांडायला, पावसाची झड आली तर ताडपत्री बघायला. संध्याकाळी हातपाय धुऊन आम्ही शेडच्या पायरीवर बसलो होतो. भाऊच म्हणाला, "दादा, एकानं राहायला लागेल."

मी चिडलोच होतो. म्हटलं, "मग राहा तू. मी जातो."

"राहतो," तो म्हणाला. शांत. "तू जा. डोळे तू काढ."

बायको पलीकडे वाल सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

मी म्हटलं, "सुरतवाल्याला नाय सांगतो."

"कसं सांगशील? त्याला होय तूच म्हणालास."

ते खरं होतं. दर चढवून घेतला होता, तोंडातून शब्द गेला होता. मी म्हटलं, गाड्या भरायला तूही थांबू शकतोस, मूर्ती तिथे जाऊन वाट बघतील, महिनाभर पुढे जाऊ. तो म्हणाला, "त्यांची पोरं सुटीवर जातील. तूच सांगितलंस ना मला." मग उठता उठता म्हणाला, "आणि मी विमानतळावर उभा राहिलो तर राहू दे. कुणीतरी विचारेल कुठं जायचं म्हणून."

तीन महिने त्याने ते वाक्य जपून ठेवलं होतं. मीही राग जपतो, पण त्यात मी आरडाओरडा करतो, सगळ्यांना कळतं. हा माणूस कुंचला फिरवता फिरवता जपत होता.

त्या वेळी मी त्याला सांगू शकलो असतो. म्हणू शकलो असतो की बाबा रे, मला तिकडे एक गोष्ट बघायची आहे, तू डोळे काढ, मी चार दिवस उशिरा येतो, कसंही कर पण मला ने. बायको बघत होती. तोंडाशी आलं होतं. पण ज्याला मी लंगोटीपासून वाढवला त्याच्यापुढे मी मागायचं? मी म्हटलं, "जा. तुझ्यात दम असेल तर जा एकटा." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन माझं तिकीट रद्द केलं. एजंटाने कापायचे ते पैसे कापले. त्या दिवशी मी भाव केला नाही. तो घाबरला असावा, कारण त्याने मला थंड सरबत मागवलं.

उत्तरेचे दोन दिवस मात्र मी रद्द करू दिले नाहीत. ऑस्लोच्या मुलीला फोन करून सांगितलं, माझ्याऐवजी भाऊ जाईल वर. तिने विचारलं, धंद्याचं काम त्यांना जमेल का? मी म्हटलं, नुसतं जाऊन आला तरी चालेल. माझ्या मनात होतं की याला सूर्य आवडतो, उजेड बघून काम करणारा माणूस आहे. तो बघेल. आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारीन आणि त्याच्या तोंडचं गुरुजींना सांगीन. दुसऱ्याच्या डोळ्यांनी का होईना.

तो गेला. विमानतळावर अडकला नाही. इकडे मी गाड्या भरल्या. रोज सकाळी फोनवर त्याचे फोटो यायचे. पोरं मांडी घालून बसलेली, मूर्ती रांगेत, खिडकीत पांढरा उजेड. त्या मुलीचा निरोप आला, "काका, आखणीवाले काका किती छान बोलतात हो. मुलांना सगळं समजावून सांगितलं त्यांनी." मी तो निरोप दोनदा वाचला. आमच्याशी तो चाळीस वर्षांत एवढं बोलला नव्हता.

आणि ठरलेल्या दिवसाच्या पाच दिवस आधी, सकाळी मी दुसऱ्या गाडीच्या ताडपत्रीची दोरी आवळत होतो, तर हा रिक्षातून उतरला. हातात बॅग, डोळे सुजलेले.

"काय रे? लवकर कसा?"

"काम उरकलं." त्याने बॅग तिथेच ठेवली आणि दोरीचं दुसरं टोक धरलं. दोरी बांधून झाल्यावर पाणी प्यायला बसलो तेव्हा सांगू लागला. "तिथं उजेड जातच नाय, दादा. रात्रीचे साडेदहा झाले तरी खिडकीतून पांढरं. मी बसलो की बसलोच. थांबायचं कधी ते कळंना. ती पोरगी येऊन हातातनं कुंचला काढून घ्यायची, म्हणायची काका, अकरा वाजले. आठ दिवसांचं काम पाच दिवसांत झालं."

"मग वर गेलास काय?"

"कुठं वर?"

"उत्तरेला. तिकीट काढलं होतं ना."

"ते होय. नको म्हटलं मी. बदलून घेतलं त्यांनी, लवकरचं घरचं." त्याने ताडपत्रीकडे बघितलं. "म्हटलं इकडं तू एकटा, दोन गाड्या. तिकडं जाऊन काय बघायचं? ऊनच ना. ऊन आपल्याकडं कमी हाय काय?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. डोळे बघण्यात त्याचं आयुष्य गेलं आहे. त्याला काहीतरी दिसलं असावं.

"फोनवर तू मजुरी सोडून ते दोन दिवस मागून घेतले होतेस, ते मी ऐकलं होतं. काय होतं रे तिथं?"

"काय नाय. गिऱ्हाईक होतं एक."

"मग सांगायचं होतंस," तो म्हणाला. "गेलो असतो मी."

तो खरंच गेला असता. त्यात मला संशय नाही, आणि तेच मला खात राहतं. रागापायी तो गेला नसता तर मी आयुष्यभर शिव्या दिल्या असत्या, तेवढी तरी सोय झाली असती. तो माझ्या मदतीला पळत आला. पाच दिवस आधी येऊन त्याने माझी ताडपत्री आवळली. मला शिवी देता आली नाही आणि आभारही मानता आले नाहीत. मी गाडीवाल्यावर ओरडलो, त्याची काहीही चूक नसताना.

जुलैत रोह्याला गेलो. गुरुजींना कबूल केलं होतं म्हणून. पाऊस लागून राहिला होता. ते ओट्यावर शाल घेऊन बसले होते आणि या वेळी त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"ये. बघून आलास?"

"नाय गुरुजी. नाय जमलं."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनीही वाट बघितली होती हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं, थाप मारावी. एका वाक्याचं काम होतं. पण मी जे बघितलं नाही ते मी सातवीत म्हटलं नाही, आता का म्हणू? म्हणालो, "भाऊ गेला होता, तोही वरच्या टोकाला गेला नाय. पण खालच्या गावातसुद्धा अकरापर्यंत उजेड होता. तो काम करतच राहिला. त्याला थांबवायला लागायचं. मी तुम्हाला विचारलं होतं ना, दिवस बुडला नाय तर माणूस कामावरून सुटतो कधी? सुटत नाय गुरुजी. दुसऱ्यानं येऊन हातातलं काढून घ्यावं लागतं."

हे मी मोठ्या हिमतीने बोललो होतो. वाटलं, आता तरी त्यांना कळेल की तो प्रश्न टिंगलीचा नव्हता. गुरुजी मान हलवत होते. त्यांनी शाल सारखी केली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"म्हणजे नाही मावळत," ते म्हणाले. "मी बरोबर शिकवलं होतं."

सून चहा घेऊन आली होती. मी चहा न पिता उठलो. गुरुजींनी विचारलं, का रे, बस की. मी छत्री उघडून अंगणात उतरलो आणि स्टँडकडे चालू लागलो. शाळेतलं ते वाक्य मी अजूनही म्हटलेलं नाही.